गोळीचा रिकामा रकाना

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा हा चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. त्याचं फक्त कधी चुकत नसे, एवढंच. आता अशा माणसाबरोबर एका छपराखाली राहायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. त्याची बायको चार वर्षं राहिली, पाचव्या वर्षी माहेरी गेली ती गेलीच. त्यावरही त्याचं म्हणणं असं की, दोष कुणाचा होता ते तो कागदावर मांडून दाखवू शकतो. बघायला कुणी थांबलं नाही, तो भाग वेगळा.

कागदावर मांडायची ही खोड त्याला पित्तामुळे लागली. बारा वर्षांपूर्वी त्याच्या अंगावर पित्त उठायला लागलं. तुमच्याआमच्या अंगावर कधीमधी उठतं, दोन दिवस खाजतं आणि जातं, तसलं नव्हे. ह्याचं रोजचं. संध्याकाळ झाली की पट्ट्याखाली, मोज्याच्या कडेला, पाठीवर लाल फुगीर चट्टे यायचे. जीव नकोसा व्हायचा. सकाळी उठून डॉक्टरांकडे जावं तर अंगावर मागमूस नाही. आपण खोटं बोलतोय असं डॉक्टरांना वाटत असणार, ह्या विचाराने तो आणखीच चिडायचा. म्हणून त्याने वही सुरू केली.

वहीत रकाने होते. काय खाल्लं, कुठले कपडे, हवा कशी, साबण कोणता, भांडण झालं का, गोळी घेतली का, आणि शेवटी चट्टे किती. चट्टे तो मोजायचा. पाठीवरचे मोजायला अक्का.

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेली. जुन्या काळी लोकांचे फोन हाताने जोडून द्यायच्या, त्या बायकांमधली. तिचा आवाज असा की पलीकडचा माणूस रागावलेला असला तरी दोन वाक्यांत नरम यायचा. तिने लग्न केलं नाही. भावाची बायको गेल्यावर ती सामानाच्या दोन पेट्या आणि एक मांजर घेऊन त्याच्याकडे राहायला आली. पित्त तिलाही होतं, त्याच्यापेक्षा कमी. घराण्यातच असावं. शिवाय लहानपणापासूनचा दमा.

वहीच्या जोरावर चष्मेवाल्याने घरातून एकेक गोष्ट हद्दपार केली. आधी अंडी गेली, मग टोमॅटो, मग लोकरीचे कपडे, खिडकीचे जाड पडदे, वासाचा साबण. तिसऱ्या वर्षी मांजराच्या नावापुढे सलग नऊ दिवस चट्टे निघाले, तेव्हा मांजरही गेलं. पित्त जागच्या जागी राहिलं. अक्काला टोमॅटोने काही होत नसे, पण घरात कायदा एकच. "अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय," तो म्हणायचा, आणि त्याला ते मनापासून वाटायचं, हीच तर पंचाईत होती.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याने हिवाळ्याआधी फ्लूचं इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघतो तर ओठ सुजून दुप्पट, एक डोळा मिटलेला, आणि अंगावर बोट ठेवायला जागा नाही. चट्टे मोजण्याच्या पलीकडे गेले होते. त्याने वहीत लाल शाईने लिहिलं, "इंजेक्शन. कायमचं बंद." खाली दोन रेघा मारल्या.

तेव्हापासून त्या घरात सुई हा विषय संपला. अक्काचे डॉक्टर दरवर्षी तिला सांगायचे, तुमचा दमा आहे, फ्लूची लस चुकवू नका. पित्तवाल्यांनी लस घेऊ नये असं काही नाही, आधी लसीनेच काही जिवावरचा प्रसंग आला असेल तरच विचार करायचा, असंही म्हणायचे. अक्का घरी येऊन चाचरत विषय काढायची. चष्मेवाला उठून कपाटातून वही आणायचा, लाल शाईचं पान उघडायचा आणि तिच्या पुढ्यात ठेवायचा. "हे माझं तोंड तू बघितलंस का नाही? आपलं रक्त एक. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला?" अक्का पान बघायची, मान हलवायची आणि भाजी चिरायला घ्यायची.

दवाखान्याच्या बाकावर बसणारे दुसरे पित्तवाले पेशंटही त्याला विचारायचे, लस घ्यावी का म्हणून. तो त्यांनाही तेच पान दाखवायचा. त्यातल्या किती जणांनी त्याचं ऐकलं, देव जाणे. त्याने ते कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात अक्काला फ्लू झाला. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी ओठ निळसर. एकोणीस दिवस दवाखान्यात काढले, त्यातले सहा नळ्या घातलेले. वाचली. पण फुप्फुसांचा जो भाग खराब झाला तो झालाच. घरी आली ती ऑक्सिजनच्या मशीनसकट. पलंगाशेजारी गुडघ्याएवढं मशीन दिवसरात्र घुरघुरायचं आणि त्याची पातळ नळी कानांवरून नाकात गेलेली. अक्का आता एका दमात चार शब्द बोलू शकायची. मग थांबायची, श्वास घ्यायची, पुढचे चार. पलीकडच्या माणसाला दोन वाक्यांत नरम करणारी बाई ती, आता दोन वाक्यांनाच तिचा जीव मेटाकुटीला यायचा. चष्मेवाल्याला ते ऐकवत नसे. तो मध्येच तिचं वाक्य पुरं करून टाकायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

नळी जिथे टेकायची तिथे तिला पित्त उठायचं. कानामागे, गालांवर जाड वळ. चष्मेवाल्याने दुकानातून नाकावर टेकणाऱ्या मऊ चकत्या आणल्या, चष्म्याच्या असतात त्या पारदर्शक, चिमुकल्या. त्या उभ्या चिरून त्याने नळीवर बसवल्या, जिथे जिथे दाब येतो तिथे. वळ निम्मे झाले. दर पंधरा दिवसांनी तो चकत्या बदलायचा, जीभ दातांत धरून, लहान मुलाच्या बुटाची नाडी बांधावी तसा. प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये.

यंदा पुन्हा हवा गार व्हायला लागली. दोघांच्या पित्ताच्या गोळ्या संपल्या म्हणून तो एका बुधवारी दवाखान्यात गेला. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी अक्काचे कागद वाचले आणि मान वर न करता विचारलं, "ह्यांनी लस घेतली का यंदाची?"

"आमच्यात घेत नाहीत," चष्मेवाला म्हणाला.

"का?"

ह्या प्रश्नाची तो वाटच बघत होता. पिशवीतून सहा वर्षांपूर्वीची वही काढून त्याने टेबलावर ठेवली, लाल पानावर उघडून. डॉक्टरीणबाईंनी ते पान वाचलं. मग एक पान मागे गेल्या. मग आणखी एक. बाहेर पेशंट खोकत होते, पण बाईंना घाई दिसेना. इतकी वर्षं वही इतक्या मनापासून कुणी वाचली नव्हती, त्यामुळे चष्मेवाल्याला बरंच वाटत होतं.

"फार नीट लिहिलंय तुम्ही," बाई म्हणाल्या. "एक सांगा. इंजेक्शनच्या आधीचे पाच दिवस गोळीच्या रकान्यात काहीच नाही. लिहायचं राहिलं का?"

"राहिलं म्हणजे? माझं राहत नाही." त्याने वही आपल्याकडे फिरवली. "ते त्या आठवड्यात कातडीवर टोचून बघायची तपासणी होती. कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघतात ती. त्याआधी पाच दिवस गोळी बंद ठेवायला सांगितली होती."

"आणि इंजेक्शन?"

"त्याच दिवशी. तपासणी करून बाहेर पडलो, तर लस द्यायची खोली समोरच. म्हटलं, खेप वाचेल."

"मग त्या रात्री तरी गोळी घेतलीत?"

चष्मेवाल्याने बोट ठेवून बघितलं. त्या रात्रीचा रकानाही रिकामा होता. आणि मग त्याला आठवलं. गोळी हातात घेतली होती त्याने, पाण्याचा पेलाही भरला होता. पण मग वाटलं, गोळी घेतली तर इंजेक्शनचं काय होतंय ते स्वच्छ कळायचं नाही. नोंद गढूळ होईल. म्हणून ठेवून दिली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुमचं पित्त रोज गोळीने दाबून ठेवलेलं असतं. सहा दिवस ती बंद केलीत, ते उसळून वर आलं. माझ्या मते इंजेक्शन नसतं घेतलंत तरी ओठ सुजलेच असते. थोडंफार लसीने वाढलंही असेल, कुणाकुणाला वाढतं, पण ते गोळ्या चालू असल्या की आवाक्यात राहतं. त्यासाठी लस सोडायची नसते. गोळ्या चालू ठेवायच्या, इथे येऊन घ्यायची, अर्धा तास बाकावर बसायचं, घरी जायचं." मग त्यांनी अक्काच्या कागदांवर हात ठेवला. "ह्यांना मात्र चुकवून चालणार नाही. असा आणखी एक ताप त्यांना झेपायचा नाही. पंधरा दिवसांत द्या."

चष्मेवाल्याने वही पिशवीत घातली. गोळ्यांचा कागद घ्यायला विसरला, तो घ्यायला परत आला. रस्त्यात त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. बारा वर्षांत दोन हजार पानं लिहिली आणि जे पान सगळ्यांना दाखवत फिरलो तेच खोटं. खोटं तरी कसं म्हणायचं, सगळं खरं लिहिलेलं होतं. फक्त त्याने ते वाचलं नव्हतं. आणि कानात अक्काचे चार चार शब्द ऐकू येत होते.

आता सरळ घरी जाऊन सांगायचं की नाही? की अक्का, चुकलो, उद्याच्या उद्या सुई घे. तीन वाक्यं. पण बुधवारी तो गप्प राहिला. गुरुवारी म्हणाला, हवा गार पडलीये. शुक्रवारी गोळ्या मोजून डबीत भरल्या, दोनदा. आजन्म जो माणूस चुकला नाही त्याला चुकलो म्हणायचा सराव कुठला? शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथे वकील होऊन बसायचे. गोळी बंद ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं ना? जुन्या डॉक्टरांनी वही का नाही वाचली? सहा वर्षं कुणीच कसं विचारलं नाही? खटला रोज नव्याने उभा राहायचा आणि रोज तो निर्दोष सुटायचा. घरी येऊन अक्काचा श्वास ऐकला की निकाल फिरायचा.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्याचं काचा घासायचं चाक होतं. पाण्याची बारीक धार, त्याखाली फिरणारं चाक, आणि काच फ्रेमच्या मापाला येईतो घासत राहायचं. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलत, मागे ह्याचं काम चाले. शुक्रवारी एक म्हातारी आदल्या दिवशी नेलेला चष्मा घेऊन आली. म्हणे, जिन्याची पायरी कलती दिसते.

"सवय होईल," चष्मेवाला आतूनच म्हणाला. पंचवीस वर्षं हेच उत्तर देत आला होता.

म्हातारी बिचारी वळली. ती दारापर्यंत गेली आणि ह्याला काय वाटलं कोण जाणे, तो ओल्या हातांनी बाहेर आला, चष्मा मागून घेतला आणि मापाच्या यंत्राखाली धरला. डावी काच दहा अंशांनी फिरलेली होती. त्याच्या हातची. म्हातारीला त्याने खुर्ची दिली, नवी काच घासून बसवली. मालकांनी विचारलं, काय झालं, तर म्हणाला, काही नाही. पण ती जिन्यावरून पडली असती तर, हे त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच क्षणी त्याने ठरवलं, उद्या सांगायचंच.

शनिवारी दुपारी दुकान अर्धा दिवस. अक्का पलंगावर उशांना टेकून बसली होती. खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलं होतं. त्याने वही आणली. अक्काने वही बघितली आणि तिचा चेहरा जरा ओढल्यासारखा झाला. वही आली की काहीतरी घरातून जातं, हे इतक्या वर्षांचं होतं.

तो बसला नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, शाळेत पाठांतर म्हणावं तसं त्याने सांगून टाकलं. पाच दिवस गोळी बंद होती. सहाव्या दिवशीही घेतली नाही. त्यामुळे उसळलं. सुईमुळे नव्हे. "माझं चुकलं, अक्का. सहा वर्षं तुला घेऊ दिली नाही. हे," त्याने मशीनकडे हात केला, "हे माझ्यामुळे झालं. सोमवारी मी गाडी सांगतो, आपण दोघं जाऊ, दोघंही घेऊ. तू नाही म्हणू नकोस. माझं तोंड सुजलेलं तू बघितलंयस, मला माहितीये, पण..."

"मला ठाऊक होतं," अक्का म्हणाली.

त्याला वाटलं तिला दम लागलाय म्हणून ती काहीतरीच बोलतेय. तो नेहमीप्रमाणे वाक्य पुरं करायला गेला, तर तिने हात वर करून थांबवलं.

"गोळ्या बंद होत्या ते." श्वास. "पाच रात्री तुझी पाठ... ओल्या फडक्याने मीच पुसत होते ना." श्वास. "सुईच्या आधीपासून. तू झोपेत खाजवायचास. मला दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तोंड सुजलं त्याच सकाळी. म्हटलं, बाळ्या, गोळ्यांमुळे असेल रे." ती जरा थांबली, नळी नाकापाशी सारखी केली. "तू वही आपटलीस. म्हणालास, बारा वर्षं मी लिहितोय का तू."

"तेव्हा सहाच झाली होती," चष्मेवाला म्हणाला. म्हणाला आणि जीभ चावली.

अक्का रागावली नाही. रागवायलाही दम लागतो. मशीन घुरघुरत होतं.

"ते जाऊ दे," तो घाईने म्हणाला. "सोमवारी जाऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांच्या आत."

"मी घेतली."

"काय घेतलीस?"

"सुई. गेल्या सोमवारी. मशीन बघायला येते ना, ती सिस्टर. तिलाच सांगितलं होतं, घेऊन ये म्हणून." श्वास. "अर्धा तास बसली इथे. काही झालं नाही. दोन चट्टे आले संध्याकाळी. रोजचेच."

म्हणजे तो बुधवारी दवाखान्यात वही उघडून बसला होता त्याच्या दोन दिवस आधी. म्हणजे त्याने ज्या कबुलीसाठी तीन दिवस जीव टांगणीला लावला, तिची अक्काला गरजच नव्हती. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं. अक्काने घेतली, अक्का वाचली, हेच तर हवं होतं. तो पलंगाच्या कडेवर टेकला. मग हळूहळू दुसरं काहीतरी आत शिरलं.

"मला का नाही सांगितलंस?"

अक्का उन्हाकडे बघत राहिली.

"गेल्या वर्षीही निघाले होते," ती म्हणाली. "चालता येत होतं तेव्हा. थंडी पडायच्या आधी. पर्स घेतली, गोळी घेतली, कोपऱ्यापर्यंत गेले." श्वास. "तू सायकलवरून येताना दिसलास. जेवायचा डबा विसरला होतास."

चष्मेवाल्याने वही बाजूला ठेवली.

"विचारलंस, कुठे निघालीस. मी म्हटलं, दोरा आणायला." श्वास. "तू म्हणालास, घरात तीन रिळं पडलीत. तिथेच, रस्त्यात. चांगली पाच मिनिटं बोललास दोऱ्यावरून. लोक बघायला लागले. मग मी परत फिरले. पुन्हा निघायचा धीरच झाला नाही."

त्याला तो दिवस आठवत नव्हता. डबा आठवत नव्हता, दोरा आठवत नव्हता. वहीत बघितलं असतं तर सापडला असता कदाचित, त्या दिवशी काय खाल्लं, हवा कशी, चट्टे किती. कोपऱ्यावर बहीण भेटली असं कुठल्याच रकान्यात नसणार. शंभर पावलांवर दवाखाना होता. शंभरच पावलं. त्याला वाटलं, आता आपल्यालाच नळी लागते की काय.

"एकदा ठणकावून सांगायचंस ना मला," तो म्हणाला. आवाज अगदी खाली होता, डोळे भरले होते, आणि तरीही ते वाक्य बाहेर पडलं ते तक्रार होऊनच. "तेव्हा बोलली असतीस तर आज ही वेळ आली असती का?"

अक्काने त्याच्याकडे बघितलं.

"बघ," ती म्हणाली. श्वास घेतला. "म्हणजे पुन्हा माझंच चुकलं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. मग त्याने विचारलं, "दंड दुखला का गं?"

"दुखला दोन दिवस," अक्का म्हणाली. "त्याच कुशीवर झोपले. तुला सूज दिसू नये म्हणून."